नेवेंकासाठी एक ताट

१ सप्टेंबर
बायको, नेवेंका, बहिणीकडे अपातिनला गेली त्याला आज नऊ दिवस झाले. भांडण वगैरे काही नाही. रविवारच्या रश्श्यात तिखट कमी आहे, एवढंच मी म्हणालो होतो. चौतीस वर्षं म्हणतोय. आज फोनवर तिची अट कळली. बागेतल्या उत्सवात मी स्वतः माशाचा रस्सा करायचा, तिला एक ताट गरम गरम वाढायचं आणि ती जेवत असताना गप्प बसायचं. मग ती घरी येईल. यात अवघड काय आहे?

३ सप्टेंबर
उत्सवातल्या रश्श्याच्या स्पर्धेत नाव नोंदवलं. हंडी नंबर एकेचाळीस. पहिलं बक्षीस आपलंच, हेही ठरवून टाकलं. तीन वर्षं ते ओब्राद नेतोय. तो आमच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे भावापेक्षा जवळचा. त्याला हरवताना वाईट वाटेल.

८ सप्टेंबर
आज सराव करणार होतो. गुडघा दुखला. शिवाय सराव येत नसलेल्यांनी करायचा असतो.

१२ सप्टेंबर
पहिला कार्प मासा घरी साफ करायला घेतला. खवले पडद्यापर्यंत उडाले. उरलेले मासेवाल्याकडून साफ करून आणले. नियमात बसतं.

१३ सप्टेंबर, सकाळी ९
बाग. सरपण ओलं. तंबुरा वाजवून गाणाऱ्यांचं पथक माझ्याच शेजारी बसलंय. लोक इकडेच येणार. नेवेंका दोनच्या बसने येतेय.

दुपारी १२
मासे हंडीत पडले. रश्श्यात पळी घालायची नसते, माशाचा भुगा होतो. टांगलेली हंडी नुसती कडीला धरून हलवायची. मी एकदाच पळी घातली. दोनदा. कोणी पाहिलं नाही.

१.१०
ओब्राद आला. हंडीपाशी आलेल्याला आपल्याकडे रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. वाटीभर खाऊन म्हणाला, "वितोमिर, लेका, हे तू केलंस? खरं वाटत नाही." त्याला दुसरी वाटी दिली.

१.४०
तंबुरावाले सहा जण, प्रत्येकी दोन वाट्या. त्यांच्यातला बेस वाजवणारा म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा छान. गेल्या वर्षी मी नव्हतो, पण मुद्दा पोचला.

२.०५
अग्निशमनवाले दोघे. हंडी नंबर चाळीस आणि बेचाळीस, सहकुटुंब. एक अनोळखी बाई, तिला डबाही भरून दिला. कौतुक करणाऱ्याचा हात कसा धरणार?

संध्याकाळी ६
परीक्षकांना काटे आणि एक डोकं मिळालं. तेही सोसलं असतं. नेवेंका दोन पंचवीसला आली, पिशवीत स्वतःचं ताट घेऊन. हंडीत डोकावली.

"सगळ्यांना वाढलंस?"

मी म्हणालो, हो, आणि सगळ्यांना फार आवडलं.

"मीही चौतीस वर्षं सगळ्यांना वाढत आले," ती म्हणाली. "फक्त तुझं ताट आधी काढून ठेवायचे."

मला एकदम फार वाईट वाटलं. मग ओब्रादने तिला आपल्या हंडीतलं वाढलं. ती जेवत होती तेव्हा मी शेजारी गप्प बसलो. अटीतला तेवढा भाग मी चोख पाळला. चारच्या बसने ती परत गेली.

१४ सप्टेंबर
अंडं उकडलं. मीठ कुठे असतं ते विचारायला अपातिनला फोन केला. बहिणीने उचलला. म्हणाली, नेवेंका जेवायला बसलीय, मध्येच उठणार नाही.

अंडं तसंच खाल्लं.