नदीपलीकडचे श्रोते

केडगाव, ता. दौंड
५ जानेवारी २०२५

आदरणीय आप्पांना मोनालीचा सविनय जयभीम, वि. वि.

मी आणि धम्मदीप दोघं बहीणभाऊ इथं खुशाल आहोत. फोनच करणार होते, पण तुम्ही तो उचलत नाही, आणि उचललात तर ‘पत्र लिही’ म्हणून ठेवून देता. गावात पत्रं आली नाहीत तर पोस्ट बंद होईल, ही निवृत्त पोस्टमनची काळजी मला मान्य आहे. म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की आमच्या ‘नदीकाठ रेडिओ’वर मला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. नाव ‘ओवी आमच्या घरची’, दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, ८९.६ वर. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, माहेरच्या ओव्या, आपल्या वस्त्यांतल्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या. ऑक्टोबरात येऊन काकीच्या अकरा ओव्या रेकॉर्ड करून नेल्या होत्या, त्या पहिल्याच गुरुवारी लागतील. काकीला म्हणावं, लाजून मळ्यात निघून जाऊ नकोस.

अडचण एवढीच, की आमचा ट्रान्समीटर पन्नास वॅटचा आहे. म्हणजे घरातल्या जुन्या बल्बएवढा. व्यवस्थापक पोपटराव म्हणतात, असल्या कार्यक्रमाला ऐकणार कोण? त्यांनी मला मार्चपर्यंत मुदत दिलीय. नदीपलीकडून, शिरूर तालुक्यातून श्रोत्यांची पत्रं आली तर कार्यक्रम राहील, नाहीतर त्या वेळेत खतांची माहिती. व्हॉट्सॲपवरचे मेसेज ते धरत नाहीत. मेसेज काय, नातेवाईकही टाकतात. पोस्टाची पायरी खरा श्रोताच चढतो, असं त्यांचं मत आहे.

कार्यक्रम गेला की मीही गेले. यासाठी कुरकुंभच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली आणि धम्मदीपने ठेकेदाराला सांगून माझी जागा अजून धरून ठेवलीय. परत कधी येतेस, असं तो रोज प्रेमाने विचारतो. पुढच्या सहा गुरुवारांची यादी सोबत जोडली आहे. ऐका आणि खरं काय वाटलं ते कळवा.

लोभ आहेच, रेंज तेवढी वाढावी.
तुमची मोनाली

*

वडगाव रासाई, ता. शिरूर
१२ जानेवारी २०२५

चि. मोनालीस आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र चौथ्या दिवशी पावलं. माझ्या वेळी दुसऱ्या दिवशी पावत असे, पण आता बोलून उपयोग नाही.

गुरुवारी साडेपाचलाच रेडिओ ओट्यावर मांडला. सेल नवे घातले, तार पत्र्यापर्यंत नेऊन बांधली. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. रेडिओत लुगडं दिसत नाही, असं मी तिच्या कानावर घातलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

कार्यक्रम उत्तम झाला. सुरुवात चांगली, शेवटही चांगला, आणि मधला भागही कंटाळवाणा नव्हता. काकीचा आवाज तर ओळखू येऊ नये इतका सुधारलेला वाटला. त्यावर काकी उठून चूल पेटवायला गेली. गावातही पुष्कळांनी ऐकला म्हणतात. न्हावऱ्याकडेही तुला ऐकतात असं कानावर आलं. लोक पत्र लिहायला आळशी असतात, तरी मी मागे लागतो. धम्मदीपला म्हणावं, ठेकेदाराकडची जागा सोडून दे.

कळावे. आशीर्वाद जुनेच आहेत, पण चालू आहेत.
तुझा आप्पा, खंडू

*

केडगाव
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आप्पांना मोनालीचा जयभीम, वि. वि.

शिरूर तालुक्यातून आजवर एकवीस पोस्टकार्डं आली. पोपटरावांनी भिंतीवर नकाशा लावून त्यात टाचण्या टोचल्या आहेत. मला आता ते ‘मोनालीताई’ म्हणतात. न्हावऱ्याच्या कुणी सिंधूबाई आहेत. मी प्रत्येक ओवीनंतर क्षणभर थांबते, ते त्यांना आवडतं, असं त्यांनी लिहिलं. ते कार्ड मी महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरत होते.

आता दुसरी गोष्ट. ४ फेब्रुवारीला आमचा ट्रान्समीटर जळाला. नऊ दिवस केंद्रावरून शिट्टीसुद्धा बाहेर गेली नाही. म्हणजे यादीतला ६ तारखेचा कार्यक्रम झालाच नाही. तरी त्याची तारीफ करणारी चार पत्रं आली. चौघांनाही तो आधीच्या कार्यक्रमांपेक्षा सरस वाटला.

मग मी सगळी कार्डं काढून बसले. एकवीसच्या एकवीस जणांचं अक्षर एकच. सगळ्यांनी पिनकोड असा कोरून लिहिलाय, की जन्मभर पत्रं वाटलेला माणूसच तसं लिहील. आणि एक पत्र तुमच्या गावातल्या सावळारामांचं आहे. आप्पा, ते वारले त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या मातीला मी तुमच्याबरोबरच होते.

पोपटरावांच्या अजून काही लक्षात आलेलं नाही. उलट १३ मार्चला वडगावात श्रोत्यांचा मेळावा घ्यायचा म्हणून ते हार ठरवताहेत. मला आधी हसू आलं, नंतर रडू आलं, आणि आता तुमचा राग आलाय. मी रिकाम्या खोलीत माईकसमोर बसून त्या सिंधूबाईंशी बोलत होते. एकच सांगा, नदीपलीकडं मला कोणी ऐकतं का?

राग असला तरी लोभ काढून घेतलेला नाही.
मोनाली

*

वडगाव रासाई
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस आशीर्वाद.

कोणीही ऐकत नाही. सिंधूबाई नाहीत.

पहिल्या गुरुवारी रेडिओतून नुसता फोडणीचा आवाज आला. मी तार हलवली, रेडिओ पाण्याच्या टाकीवर चढवला, शेवटी मीही टाकीवर चढलो. दिल्लीची बातमी लागली, कानडी गाणी लागली, तू लागली नाहीस. काकी लुगडं नेसून तासभर बसून होती. पोरीला खरं लिवा, रेडिओ लागत न्हाई म्हनून कळवा, असं ती तेव्हाच म्हणाली होती. मी लिहायला बसलो, पण धम्मदीपने धरून ठेवलेली ती जागा डोळ्यांपुढे आली आणि हात वळला नाही. मग यादी पाहून लिहीत गेलो. न्हावऱ्याची कार्डं न्हावऱ्याला जाऊन टाकली, म्हणजे शिक्का बरोबर पडावा. सावळारामाबद्दल एवढंच म्हणतो, की तो असता तर त्याने ऐकलंच असतं.

बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. कुणाचं उघडलं नाही, कुणाचं दडवलं नाही. आणि म्हातारपणी एकवीस खोटी लिहिली, तीही घरच्या लेकीला. मला लाज वाटते. काकीने माझ्याशी बोलणं कमी केलंय, ते मला पूर्वीही चालत असे, पण या वेळी लागतंय.

काल मी रेडिओ घेऊन बंधाऱ्यावरून नदी ओलांडली. पलीकडच्या टोकाला, उसाच्या कडेला तुझा आवाज आला. अगदी स्वच्छ. सहा मिनिटं ऐकला, मग सेल संपले. तू खरंच ओवीनंतर थांबतेस. मी ते अंदाजाने लिहिलं होतं.

कळावे. माफी मागतो, देणं तुझ्याकडे.
आप्पा

*

केडगाव
२६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आप्पांना जयभीम, वि. वि.

पोपटरावांना मी स्वतःच सगळं सांगितलं. ते उठून नकाशापाशी गेले. मग एकेक करून एकवीस टाचण्या काढल्या आणि डबीत ठेवल्या. तुमच्यावर ते रागावले नाहीत. एवढं पद्धतशीर काम आमच्या कार्यालयात कोणी करत नाही, असं म्हणाले. पण नियम तो नियम. मेळावा रद्द. ६ मार्चचा कार्यक्रम शेवटचा, आणि १० तारखेपासून मी कुरकुंभला पहिल्या पाळीला.

तुम्हाला माफ केलं, आप्पा. तुम्ही सहा मिनिटं ऐकलंत, ते मला त्या एकवीस पत्रांपेक्षा जास्त वाटलं. शेवटच्या गुरुवारी काकीच्या ओव्या पुन्हा लावीन. काकीला सांगायची गरज नाही, उगाच वाईट वाटेल.

लोभ असू द्या, काळजी नको.
मोनाली

*

वडगाव रासाई
७ मार्च २०२५

मोनालीस तुझ्या काकीचा, ताईबाईचा जयभीम. मी सांगती आन् हे लिवत्यात. पदरचा एकबी शबूद घालायचा न्हाई, अशी ताकीद दिलीया.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दावलं. आता माझ्यापास्नं काय लपवत न्हाईत. काल आमी नऊ जणी बंधाऱ्यावरनं पलीकडं गेलो. रेडिओ पाटीत घेतला, वर फडकं टाकलं. ह्यांना घरी ठिवलं. उसाच्या कडंला बसलो आन् पुरा अर्धा तास ऐकलं.

आता ऐक. एक म्हंजी, तू लई बोलती. बाई ओवी म्हनाया लागली की मधी मधी सांगत बसू नगं, आमास्नी समजतं. दुसरं, माझ्या पाचव्या ओवीत मी जावंचं नाव घेतलं हुतं, ते तू कापलंस. ती जाऊ शेजारीच बसली हुती, तिला लई लागलं. तिसरं, त्या कुरकुंभच्या बाईची चाल चुकती. तिला आमच्याकडं लावून दे, आमी शिकवू. आन् तुझा आवाज बसलेला वाटला. येळंवर जेवत न्हाईस, व्हय ना? रडली असशील तर तेबी आमाला कळलं.

मला माझा आवाज आवडला. खोटं कशाला सांगू.

हे पत्र त्या पोपटरावास्नी दाव. ह्यात तारीफ कमी हाय, म्हंजी खरं हाय, येवढं त्यांना कळंल. खाली नऊ जणींच्या सह्या आन् अंगठे हायत, ज्याचे त्याचे. आमी पुढल्या गुरुवारी सहाला तिथंच जाऊन बसनार हाय. तू त्या येळंला कुरकुंभला असलीस तर आमी काय खतं ऐकायची का?

माया हायच, आन् तक्रारीबी येत जातील.
ताईबाई आन् आठ जणी