हिंमतरावांची काठी आणि आमची टाकी

समा, बडोदे

ती. सौ. सुहासिनीमावशीस निरुपमाचा शि. सा. नमस्कार.

बाबांचा खोकला, आईचे गुडघे आणि अंगणातली सेप्टिक टँक, तिन्ही सध्या शांत आहेत. काकांची साखर आटोक्यात असावी अशी आशा करते.

रविवारी मुलगी बघायला आलेल्या मंडळींना मी संडासावर व्याख्यान दिलं, असं हिंमतरावांनी तुला कळवलं आणि तू खुलासा मागितलास. स्थळ तू आणलेलं, तेव्हा तो तुझा हक्क आहे. व्याख्यान नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

माझी चूक एवढीच की दिवाळीनंतर मी आईला टाकी कशी चालते ते सांगितलं. (आमच्या सोसायटीत अजून गटारलाइन आलेली नाही.) टाकीत जिवाणू असतात, ते मैला खातात, फिनेलने ते मरतात, म्हणून फिनेल ओतू नकोस, एवढंच म्हणाले. सिव्हिल इंजिनिअरने घरी याहून कमी बोलावं. आईने फिनेल बंद केलं; पण त्या क्षणापासून जिवाणू आमच्या घरचे झाले. "राबतात बिचारे, आणि वाट्याला काय, तर ते!" म्हणत तिने रोज दुपारी संडासात तूपभात ओतायला सुरुवात केली, वर तुपाची कढई धुतलेलं पाणी. एकादशीला भगर. (जिवाणूंनाही उपास होता.) शेजारच्या सुनंदाबेननी "छास पण आपो ने" म्हटलं, मग ताकही गेलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रविवारी हिंमतराव, कमलाबाई आणि त्यांचा विश्वंभर अलकापुरीहून आले. हिंमतरावांना आवडते म्हणून आईने पोह्यांऐवजी शेवउसळ केली होती. ती पुढ्यात येते न येते तोच हिंमतराव हात धुऊन येतो म्हणून आत गेले, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अहो, हे पाणी खाली जायचं सोडून वर येतंय!" ते बाहेर आले तेव्हा त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत धरलं होतं आणि चेहरा दरबारी ठेवला होता. "असं होतंच कसं?" त्यांनी विचारलं. प्रश्न तांत्रिक होता आणि खोलीत तांत्रिक शिक्षण झालेली मी एकटीच होते.

कागद जवळ नव्हता, म्हणून वाटी घेतली. वर तर्री आणि शेव, म्हणजे टाकीतला तवंग. तळाला वाटाणे, म्हणजे गाळ. मधला पातळ रस्सा तेवढा पुढे शोषखड्ड्यात जायचा, म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड तवंगाच्या खाली ठेवतात. तवंग जाड झाला की तोंड बंद. कमलाबाईंनी वाटी खाली ठेवली. बाबांनी ठेवली. आई "निरू, पुरे!" म्हणत राहिली. विश्वंभरने मात्र चमचा तर्रीखाली अलगद घातला, मधला रस्सा उचलला, "म्हणजे इथून?" असं विचारलं आणि पिऊन टाकला.

बरोबर इथूनच.

मग आम्ही दोघांनी झाकण उघडलं, जरा वेळ वायू जाऊ दिला आणि पाहिलं, तर थंडीने तूप थिजून पाइपच्या तोंडाशी बूच बसलं होतं. बांबू सापडेना. विश्वंभर घरात जाऊन वडिलांची चांदीच्या मुठीची काठी घेऊन आला. पाणी उतरलं. हिंमतराव काठी न घेताच, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. आईला जिवाणूंची काळजी होती.

तुझी
निरुपमा

ता. क. नकार आला तरी माझी हरकत नाही, असं मी आईला सांगितलं आहे. ते आईसाठी होतं.

ता. क. २. काठी गरम पाण्याने धुतली, मूठ चिंचेने घासली. पोस्टाने पाठवणं बरं दिसत नाही. कोणीतरी येऊन घेऊन जावी, असं तू अलकापुरीला कळव. हिंमतरावांनी स्वतः येऊ नये. काठीशिवाय त्यांना चालवत नाही.