राहीबाईची गार खोली

आटपाडी,
३ एप्रिल २०२४

चि. तानाजीस सुलाआक्काचे पोटभर आशीर्वाद. हिकडं खुशाल, तुजी खुशाली कळव.

फोनच केला असता, पर भाडेकरीण राहीबाईला भिंतीपलीकडं सगळं ऐकू जातं. ती खोली सोडायची म्हणती. दवाखान्यात रातपाळी करती आन् दिवसा पत्र्याखाली भाजून निघती. कूलर दिवसभर घरघरतोय, लाईट बिल बघून तिला येगळाच घाम फुटतो. तू कोयनेला वीज करायची आन् ती माज्या पत्र्यानं खायची, ह्यो कुठला न्याय रं?

घरात मी एकटी. ती गेली तर चहाला कुणाच्या तोंडाकडं बघू? लय जीव लागलाय. उपाय सांग.

अशीच माया ठेव.
तुजी सुलाआक्का

कोयनानगर,
१० एप्रिल २०२४

ती. आक्कास तानाजीचा सा. नमस्कार, वि. वि. पत्र पावलं. वीज मी करतो, ऊन न्हाई, तवा मला बोल लावू नको.

ऊन आत येऊच द्यायचं न्हाई. पत्र्याला वरनं पांढरा चुना मार. खालनं बांबूच्या तट्ट्या बांध आन् मधी लोकर भर. तुज्या दिराकडं, कोंडीबादाजींकडं, कातरलेली लोकर ढिगानं पडून हाय, कुणी घेत न्हाई. लोकरीला कसरीची कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला घाल. भाडं मात्र वाढवू नको, न्हाईतर गार खोलीतनंबी ती जाईल.

पुढल्या महिन्यात रजेवर येतो, तुजंबी घर तसंच करून देतो.

लहान भावावर लोभ असू द्या.
तानाजी

आटपाडी,
६ मे २०२४

चि. तानाजीस अनेक आशीर्वाद.

खोली अशी गार झाली की राहीबाई भर दुपारी पांघरूण घेऊन झोपली. कूलर बंद. तिनं गल्लीभर कौतुक सांगितलं, तितंच चुकलं.

आधी शेजारचे आप्पासो पेपर वाचायला आले. मग त्यांचं पत्त्याचं मंडळ आलं. पलीकडच्या गुंडातात्याच्या लेकीची सोयरीक तितंच ठरली, पाव्हणं अजून उठंनात. मग कोंडीबाभावजींच्या मेंढ्या शिरल्या. हाकलायला गेले तर भावजी म्हणाले, लोकर त्यांची, तवा आधी हक्क त्यांचा. आन् काल राहीबाई कामावरनं आली तर आप्पासोंनी तिला तिच्याच दारात इचारलं, "कुणाकडं आलाय?"

ती गाठोडं घेऊन माज्याकडं आली. माजा पत्रा तापतोय, म्हणून हिकडं कुणी फिरकत न्हाई. दोघी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतो, चहा पितो, हसतो. खोली सोडायचं नाव आता ती काढत न्हाई.

तू ये, पोटभर जेव. पर माज्या घराला चुन्याचं बोटबी लावू नको. हे गार झालं की सगळी हितं येतील, आन् तिची खोली मोकळी झाली की ती परत तिकडं जाईल.

तब्येतीला जप, आक्काला इसरू नको.

तुजी, घामाघूम पर सुखात,
सुलाआक्का