डॅशबोर्डवरचा गणपती

मंगळवार, संध्याकाळ

आज पिकअपचा ईसीएम बदलला, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. जुना बिघडला होता, गाडी वरसाव्याच्या पुलावर चालता चालता बंद पडायची. इंजिनचा पिवळा दिवा सारखा पेटलेला, म्हणून यांनी त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवलेला.

"दिवा विझला का हो?" मी विचारलं.

"विझला असणार. नवीन बसवलाय ना."

"मग स्टिकर काढून बघा की."

"देवाला कोणी उचकटतं का?" वर माझ्यावरच चिडले! उद्या पहाटे मासळी घेऊन त्याच पुलावरून जायचंय, आणि यांना बघायचंच नाही?

मघाशी यांनी इंजिन चालू केलं. मी फूल वाहायला आत वाकले. अंधारात गणपतीच्या कडेकडेने पिवळा उजेड येत होता.

यांनी हात जोडले. म्हणाले, "बघ, देवाला कसं तेज आलंय!"