न नेलेल्या फर्माइशी

२ मे २००६, मंगळवार. बल्लारपूर

आलो एकदाचा. कोरपन्याहून राजुऱ्यापर्यंत एसटी, पुढे ऑटोत नऊ जणांत मी दहावा. एक पाय गाव येईपर्यंत बाहेरच लोंबत होता. पेपरमिलचा वास आला. लोक नाक दाबतात, मला झकास वाटलं. करिश्मा याच गावची आहे.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष तिच्यापायी सुटलं. म्हणजे तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्या एकाचे मी दोन दात पाडले. कॉलेजनं माफीनामा मागितला, तो मी लिहिला नाही. तिनं त्या दिवसापासून माझ्याकडे पाहिलेलं नाही. बाबा म्हणाले, डोकं एवढं तापते त त्याच्यावर पोळ्या भाजून खाय.

नोकरी शफीभाईंच्या दुकानात. लग्नात भोंगे-स्पीकर लावणं, आणि पूर्वी फर्माइशीच्या कॅसेटी भरून देणं. गिऱ्हाईक यादी आणायचं, शफीभाई गाणी भरायचे आणि कॅसेटीच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात नाव घ्यायचे: फर्माईश अमक्याची, गाव अमुक, अमुकभाऊ, ऐका. आता तो आवाज घशाच्या ऑपरेशनात गेला. भाई नुसते ओठ हलवतात आणि त्यांची मुलगी जाहिदाआपा ते बोलून दाखवते.

भाईंच्या भाच्यानं दोन वर्षं बसून सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि तो सौदीला निघून गेला. अडतीस हजार गाणी, आणि मांडवात एक सापडत नाही. ती सांभाळणारं चांगलं सॉफ्टवेअर शोधून बसवणं हे माझं काम. कूलरसमोर बसायचं, वर गाणी ऐकायची. याला नोकरी म्हणतात!

५ मे, शुक्रवार

तीन सॉफ्टवेअरं लावून पाहिली. पहिलं हलकं आहे, चटकन उघडतं, पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवतं. दुसरं देखणं, पण नवरदेवाच्या वळणाचं. सगळी गाणी उचलून आपल्या घरी नेतं. तासाभरात डिस्क भरली. तिसरं शहाणं. ते फोल्डरवर नजर ठेवतं, आपण नवीन काही टाकलं की स्वतःच यादीत घेतं. शिवाय नियम सांगितला की याद्या आपोआप लावतं. हेच ठेवायचं ठरवलं.

गिऱ्हाइकानं नेलेल्या प्रत्येक फर्माइशीपुढे भाच्यानं ‘नेली’ असं लिहिलंय. जिथे तो रकाना रिकामा असेल त्यांची वेगळी यादी लाव, असा नियम घातला. नऊ निघाल्या. भाईंना दाखवल्या तर ते उठून आत गेले. आपा म्हणाली, त्या नऊइले हात लावू नको. आणि एक ध्यानात ठेव, गिऱ्हाईक समोर उभं असल्याबिगर नाव घ्यायचं नाई. या दुकानाची रीत हाय.

सकाळी स्टेशनच्या रस्त्यावर स्कूटी गेली. पिवळा स्कार्फ तोंडाला गुंडाळलेला, नुसते डोळे. तीच. आपा म्हणाली, काऊन बे, तू गाणे लावाले आला का रस्ता पाहाले?

९ मे, मंगळवार

आज एक काम केलं. बारा गाणी निवडली. दोन दिवस घासलं त्यावर. सुरुवातीला माईकवर भाईंच्याच थाटात बोललो: फर्माईश करिश्माची, गाव बल्लारपूर. करिश्मा, ऐक.

देईन कधीतरी सीडी करून. सध्या कोणाला सांगणार नाही, तिला तर नाहीच. फाइल फोल्डरमध्ये टाकली. सॉफ्टवेअरनं लगेच उचलली. न नेलेल्या दहा झाल्या.

रीत मोडली म्हणून काय आभाळ कोसळतं?

१४ मे, रविवार

सेहेचाळीस डिग्री. भर दुपारी काउंटरवर एक म्हातारा आला, अंगावर घोंगडं. पाहूनच मला घाम फुटला. त्याला नव्हता. मान वर न करता म्हणाला, माही कॅसेट झाली का? मुखरू म्हणतात मले.

नाव न नेलेल्यांच्या यादीत सापडलं. गिऱ्हाईक समोरच उभं होतं, म्हणून लावून दिली. भाईंच्या जुन्या आवाजात आलं, मुखरूभाऊ, ऐका. तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून पूर्ण कॅसेट उभ्यानं ऐकत राहिला आणि निघून गेला. पाहिलं तर रकान्यात ‘नेली’ असं लिहिलेलं, तारीख आजची. मी लिहिलं नव्हतं. म्हटलं, उन्हानं विसरलो असेन.

१८ मे, गुरुवार

एक बाई आली. कमरेपर्यंत ओली. महिनाभरात इथे थेंब नाही. बायनाबाई म्हणून सांगितलं. माही कॅसेट झाली का? तेच शब्द, तोच सूर. ती गेल्यावर फरशी पाहिली, कोरडी.

आपा डबा घेऊन आली तेव्हा सांगितलं. डबा तसाच ठेवून ती म्हणाली, बायनाबाई नाल्याच्या पुरात गेली, चौऱ्याण्णव साली. मुखरू त्याच हिवाळ्यात, थंडीनं.

मग भाईंनी ओठ हलवले आणि आपानं सांगितलं. तिच्या आवाजात काहीच चढउतार नव्हता. एटापल्लीकडून एका ट्रकवाल्यानं फर्माइशीच्या नऊ चिठ्ठ्या आणून दिल्या होत्या. गिऱ्हाईक एकही समोर नाही. भाईंनी घाईत नावं घेतली. घ्याले कोणीच आलं नाई, वर्षाच्या आत नऊही गेले. हाक मारली की माणसाले यावं लागते, बाबू. इथी नाई येता आलं, त दुसऱ्या वाटेनं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही आले? आता काऊन?

भाईंचे ओठ हलले, आपानं बोलून दाखवलं: तू कोणाले हाक मारली?

सांगावं लागलं.

आपा म्हणाली, मागं दहावी उभी राह्यली त पुढचे सरकतीनच ना रे.

सुटका एकच. तिची पाळी येण्याआधी, ती जिती असताना, तिनं ते स्वतः ऐकायचं. म्हणजे फर्माईश पुरी.

२० मे, शनिवार

दुपारी एकापाठोपाठ तिघे आले. एकाचा पाय साप चावल्यागत काळानिळा, सुजलेला. भाईंनी त्यांना नजर दिली नाही. मी गाणी लावत होतो. त्यांना नाही म्हणायची हिंमत नाही, तिच्या दारी जायचीही नाही. हात दुखतात, डोळे दुखतात. तेच वाक्य ऐकून ऐकून आता भीतीही थकली आहे.

उरल्या पाच.

२१ मे, रविवार

तिची फाइल पुसली. सॉफ्टवेअरनं परत यादीत घेतली. रकान्यात स्वतः ‘नेली’ लिहिलं, पाणी पिऊन आलो तर रकाना रिकामा. चिडून सॉफ्टवेअरच काढून टाकलं आणि पहिलं बसवलं, ते चौकोनवालं. अडतीस हजार नावांच्या जागी चौकोन. एकच नाव स्वच्छ मराठीत दिसत होतं.

कीबोर्ड भिंतीवर आपटला. आपानं बटणं गोळा केली.

तिसरं सॉफ्टवेअर परत बसवलं. निदान आकडा तरी कळेल.

दुपारी दोघे. उरल्या तीन.

२२ मे, सोमवार

सीडी घेऊन तिच्या घरी गेलो. दार तिच्या भावानं उघडलं. काय सांगणार होतो मी? म्हटलं, ही तिनं आज ऐकली पाहिजे, आजच. तो हसला. म्हणाला, तू तो दात पाडनारा हिरो नं? आण इकडं, देतो तिले.

देतो म्हणाला होता. हात पुढे केला होता त्यानं. पण ‘हिरो’ म्हणताना जसा हसला — माझा हात उठला. नेहमीसारखा. सीडी त्याच्या नाहीतर माझ्या पायाखाली, दोन तुकडे.

ती वरच्या खिडकीत होती. या वेळी पाहिलं माझ्याकडे. खिडकी लावून घेतली.

दुकानात दोघे येऊन गेले होते. आपानं लावून दिलं.

उरली एक. ती नऊपैकी नाही.

२३ मे, मंगळवार

सकाळपासून लाइट नाही. इन्व्हर्टरवर दुसरी सीडी केली. आपा म्हणाली, तू इथीच बस, तुह्या हातानं काम नाई होत. बुरखा घालून तीच निघाली.

अकराला परत आली. सीडी हातातच. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळी स्टेशनच्या रस्त्यावर, स्कूटी, कोळशाचा ट्रक — चंद्रपूरला नेलं, सरकारी दवाखान्यात — भाऊ गाडीत नुसता —

भाई आणि आपा चंद्रपूरला गेले. सीडी नेली आहे. कानाशी तरी लावू म्हणाले.

मी इथे. यादी समोर. एक.

तोच दिवस, दुपारी

पावणेदोन. आपाचा फोन नाही.

स्कूटीचा आवाज आला नाही. मान वर केली तर काउंटरशी उभी. पिवळा स्कार्फ, नुसते डोळे. कपाळावर घाम नाही. सगळं कॉलेज सोडून आलो तो हा दिवस पाहायला — ती स्वतः माझ्याकडे —

म्हणाली, माझी कॅसेट झाली का?

तिच्या नावाची कॅसेट आहे हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

बोट बटणावर आहे. लावलं तर ऐकेल आणि जाईल. बाकीचे गेले तशी.

न लावलं तर —

म्हटलं, नाही झाली अजून. बस जरा.

बसली. स्टुलावर. हे तिच्यासमोरच लिहितोय, हात चालू असला म्हणजे वर पाहावं लागत नाही. फोन वाजतोय. उचलत नाही. तिकडे काय झालं ते मला —

यादीत आता दोन. दुसरं नाव माझं. तिनं घेतलं आत्ता, हळू, भाईंच्याच थाटात. प्रफुल्ल, ऐक —

मान वर नाही करणार. मानेमागे हात नेलाय तिनं. स्कार्फची गाठ सोड