काळ्या पट्टीखालचे दात

शनि. ८ नोव्हें.
उद्या सीडीई, दातांच्या डॉक्टरांची शाळा. दिवसभर बसलं की सहा पॉइंट. डिसेंबरअखेर नोंदणीचं नूतनीकरण, आणि मला नेमके तेवढेच कमी पडतायत. वक्ता केदार. पदवीनंतर चार वर्षं माझ्याच दवाखान्यात होता, आरसा कसा धरायचा ते मी शिकवलं. आयोजकांनी अध्यक्ष म्हणून मलाच बसवलंय. कोणती साडी नेसू? दवाखान्यातली शांताबाई म्हणाली, "पैठणी नेसा. आपलं पोरगं बोलणार हाय."
आनंद झालाय. खोटं कशाला लिहू.

रवि. ९
किळस. क्रमाने लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.
हॉटेलच्या दारात हजेरीचा कागद. एकेक जण तिघांच्या सह्या करतोय. दोघे सही करून, टूथपेस्टची फुकट पिशवी उचलून फर्दापूरच्या रस्त्याला लागले, लेणी बघायला. हॉलपेक्षा कंपन्यांच्या स्टॉलवर गर्दी. कॉलेजात आमचे सर मेणाची दाढ कोरायला लावायचे. एक कड चुकली की नवा ठोकळा, पहिल्यापासून. आठवडाभर बोटांना मेणाचा वास. किती रडले होते त्या दाढेपायी.
केदार स्टेजवर सगळ्यांदेखत पाया पडला. मग पडद्यावर 'आधी'चा फोटो. बाईचं हसू, डोळ्यांवर काळी पट्टी, पेशंट ओळखू येऊ नये म्हणून. मी तोंड बघितलं आणि ओळखलं. वरचा डावा दात जरासा वळलेला. शेजारच्याचा कोपरा सायकलवरून पडून तुटलेला, मीच भरलेला. तस्नीम! सात वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे येते. कीड म्हणून कधी लागली नाही.
वळलेल्या दाताभोवती लाल गोल. पुढच्या फोटोत वरचे दहा दात घासून घासून खुंट्या केलेले. त्यापुढे दहा पांढऱ्याफेक कॅप, साच्यातून काढल्यासारख्या. शेवटी : 'खालचा जबडा, पुढचा टप्पा.'
टाळ्या. मीही वाजवल्या. स्मृतिचिन्हही माझ्याच हातून. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, टाळी मनापासून नसेल तर हात मांडीवर ठेवा.

सोम. १०
केदारला फोन केला. तिला स्वतःलाच हवं होतं, संमतीपत्रावर सही आहे, म्हणाला. म्हटलं, अरे, तार लावून वर्षभरात सरळ झाला असता तो दात. एका दातासाठी दहा?
"वर्षभर कोण थांबतं, मॅडम? तुमच्या वेळी लोकांना दात वाचवायचे असायचे. आता दाखवायचे असतात."
वर म्हणतो, पेशंट खूश होऊन गेला पाहिजे हे तुम्हीच शिकवलंत. शिकवलं होतं खरं.
खालचे कधी, विचारलं. वीस तारखेला, बारा वाजता.

बुध. १२
शांताबाईला सांगितलं. हातातला ट्रे तसाच राहिला.
"लई चांगले दात व्हते की पोरीचे. कानशीनं घासले व्हय?"
कानशीने नाही, पण तसंच. तीस वर्षं ही बाई माझी हत्यारं उकळतेय. तिला कळतं. हिला कोणी पॉइंट देत नाही.

शनि. १५
तस्नीमला सहज ये म्हणून बोलावलं. उर्दू शाळेत शिकवते आता, सुटल्यावर तशीच आली. दारातच हसली. तोंडावर हात न ठेवता! लहानपणापासून हसताना हिची ओढणी तोंडाशी. हे हसू मी पहिल्यांदा बघितलं.
"कैसे लगते, मॅडम? बच्चे बोलते, टीचर हिरोइन हो गई."
चहा आला. एक घोट घेतला, डोळे मिटले, कप खाली ठेवला. थोडं झणझणतं म्हणाली, डॉक्टर बोले आदत हो जाती.
सांगायलाच बोलावलं होतं. इतकी खूश होती की... छान दिसतेस म्हणाले. ती गेल्यावर दोनदा चूळ भरली.

सोम. १७
प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, खाली सहा पॉइंट. नूतनीकरणाच्या अर्जाला अजून जोडलं नाही.
दुपारी मागचं कपाट उपसलं. तळाशी सापडलं, तस्नीमच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल. चौदाची असताना तारेसाठी माप घेतलं होतं. तिचे अब्बा म्हणाले, अल्लाने दिलेत, असू द्या तसेच. मलाही पटलं होतं. त्या वळलेल्या दातामुळेच तर ते तिचं हसू होतं. पण तिला कुठे विचारलं होतं आम्ही दोघांनी?

गुरु. २०
दहा वाजता तस्नीम आली, मीच फोन करून बोलावलं होतं. मॉडेलचे दोन्ही जबडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. हॉल, काळी पट्टी, लाल गोल. दात निरोगी होते. वरचे आता परत येणार नाहीत, त्यांना जन्मभर कॅप, त्याही मधूनमधून बदलाव्या लागणार. खालचे अजून तुझे आहेत.
तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.
"तुम्ही हॉलमध्ये होता?"
हो.
"और कुछ बोले नै?"
नाही.
"शनिवारी पण नै बोलल्या. मी इथंच बसले होते."
तिने वरचा जबडा उचलून वळलेल्या दातावरून अंगठा फिरवला. ठेवून दिला. खालचा रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला.
"बारा बजे का टाइम है," म्हणाली. उठताना ओढणी तोंडाशी धरली होती, पूर्वीसारखी.
खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. कुठल्या बाजूला वळली, बघायला खिडकीशी गेले नाही.
आता साडेअकरा. वरचा जबडा टेबलावरच आहे. शांताबाई विचारून गेली, उचलू का. म्हटलं, राहू दे.