शून्य कुठून धरायचं

कात्रज,
दि. ९ जून २०२५

चि. तेजस्विनीस,
मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी आई परवा येऊन गेली. तिचे गुडघे तसेच आहेत.

आता कामाचं. या गल्लीत माझ्या हातचं काय काय आहे ते लिहितो, कारण तुमच्या पूर-अहवालात त्याला "स्थानिक साधने" एवढे दोनच शब्द मिळालेत. ओढ्याच्या मोरीची जाळी, साडेचार फुटी, कचरा अडकला तर एका माणसाने उचलावी अशी. पुरात गच्चीवर चढायचा लोखंडी जिना, चौदा पायऱ्या. पावसाचं मापटं. आणि खांबाशेजारची पाण्याची पट्टी: सहा फूट लोखंड, प्रत्येक इंचाला छिन्नीची खूण. सातवी नापास माणसाने केलंय हे. ती पट्टी वाचायला तुला मीच शिकवलं, तू तिसरीत होतीस.

अहवाल वाचला. कागद उत्तम आहे. "हवामान बदलास तोंड देण्याची क्षमता" या मथळ्याखाली आमच्या गल्लीपुढे "सक्षम" लिहिलंय. का, तर तीन वर्षांत पाणी तीन फुटांवर गेलं नाही. सर्वांत जास्त दोन फूट अकरा इंच. आकडा माझ्याच वहीतला. म्हणजे पंप दुसरीकडे, संरक्षक भिंत दुसरीकडे. आम्ही सक्षम.

मागच्या रविवारी तू सही घ्यायला आलीस. तुझे साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "पट्टीत नऊ इंचांचा फरक आहे." तू हसलीस.

"मामा, नऊ इंचांनी शहर बुडत नाही. अहवाल पुढे गेलाय."

"मग माझी सही कशाला?"

"फॉरमॅलिटी हो!"

आणि माझ्याच दारात उभी राहून आईला फोनवर म्हणालीस, "मामाला नुसता गर्व नडतो."

नडला. कसा ते ऐक.

२०२२ साली रस्त्यावर काँक्रीट पडलं. रस्ता नऊ इंच वर आला, पट्टीचे खालचे नऊ इंच गाडले गेले. माझं काम असं अर्धवट दिसलेलं मला बघवेना. येणारेजाणारे म्हणणार, दत्तोबाची पट्टी पाऊण फुटापासूनच सुरू होते. मी ती उपटली, घासली, रंगवली आणि शून्य नव्या रस्त्याला टेकवून पुन्हा ठोकली. छान दिसत होती. रस्ता वर आला, पट्टी वर गेली. उंबरे होते तिथेच राहिले.

गल्लीचा नियम तुला पाठ आहे. पट्टीवर अडीच फूट झाले की घर सोडायचं, तीनला पाणी उंबऱ्यात.

गेल्या ऑगस्टात, दुपारी चारला, समोरून सोजरबाईंनी हाक मारली, "दत्तोबा, निघू का रे?" मी पट्टी बघितली. दोन फूट. म्हटलं, "बसा हो निवांत, अजून अर्धा फूट आहे."

ते दोन फूट नव्हते, दोन फूट नऊ इंच होते. थोड्याच वेळात पाणी आत शिरलं आणि मागची मातीची भिंत त्यांच्यावर पडली. त्या तिथेच गेल्या. त्या दिवशी वहीत मी दोन फूट अकरा लिहिलं. खरे तीन फूट आठ. ज्यांच्या हातची थालीपिठं खाऊन तू शाळेत जायचीस, त्या बाईंबद्दल गल्ली म्हणाली, म्हातारी हट्टाने घरात बसली. मी ऐकून घेतलं. दहा महिने.

तुझ्याकडे लाखांची यंत्रं आहेत. एक उंबरा मोजला असतास तरी कळलं असतं. नाही मोजलास. मी सांगितलं, तेव्हाही नाही. माझी चूक अडाणीपणाची नव्हे, दिमाखाची. तुझी कशाची, ते तूच लिही. अहवालाला परिशिष्ट असतंच.

काल काँक्रीट फोडून पट्टी जुन्या शून्यावर बसवली. खड्डा वाईट दिसतो. दिसू दे. तीन वर्षांच्या नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या. सोजरबाईंच्या लेकीला, जयाला, सगळं सांगितलं. तिने शांतपणे दार लावून घेतलं. दुरुस्त वहीची आणि या पत्राची प्रत क्षेत्रीय कार्यालयात देणार आहे. तुझं नाव खोडलेलं नाही. माझंही नाही.

यापुढे मला मामा म्हणायचं की नाही, तुझं तू बघ.

दत्तोबा

ता. क. त्या रविवारी तू टेबलावर ठेवून गेलेलं पाकीट सोबत परत. आतला मजकूर असा: मागील नोंदी अचूक असल्याबद्दल स्वाक्षरी द्यावी, त्याबदल्यात तीन वर्षे "स्थानिक पूर सल्लागार" म्हणून नेमणूक. नाकारली आहे. मानधन एकरकमी, रुपये दोन लाख चाळीस हजार फक्त.